समुद्राकाठचं घर आणि राखेचं सिमेंट

तुमचा प्रश्न असा आहे. राहायला कोथरूडला, पण दिवेआगरला किनाऱ्यापासून साधारण २५० मीटरवर वाडीत घर बांधताय. जोतं झालंय, कॉलम उठायचे आहेत, स्लॅब मे महिन्यात टाकायचा विचार आहे. ठेकेदार म्हणतो, ‘पीपीसीत कारखान्याची राख मिसळलेली असते, खाऱ्या हवेत ती टिकत नाही, ५३ ग्रेडचं ओपीसीच घ्या.’ ओपीसी म्हणजे राख-मळी काही न मिसळलेलं साधं पोर्टलँड सिमेंट. मेहुणे म्हणतात, सल्फेट-रोधक सिमेंट घ्या. माणगावचा दुकानदार स्लॅग सिमेंट, म्हणजे लोखंडाच्या भट्टीची मळी मिसळलेलं सिमेंट, न्या म्हणतो. तिघंही ठामपणे बोलतात, म्हणून तुम्ही गोंधळलात.

आधी उत्तर देतो, मग कारणं. समुद्राकाठी माझी पहिली पसंती स्लॅग सिमेंटला, दुसरी राखेच्या सिमेंटला म्हणजे पीपीसीला, आणि नुसतं ओपीसी तिसऱ्या नंबरावर. पण या क्रमाला एक अट आहे. भरपूर दिवस पाणी मारणार असाल तरच हा क्रम खरा. तीन दिवस पाइप फिरवून काम सोडून देणार असाल, तर ठेकेदार म्हणतो ते जवळजवळ खरं ठरेल, आणि दोष मात्र राखेच्या माथी जाईल. गेली सत्तावीस वर्षं मी काँक्रीटच्या चाचण्या आणि दुरुस्तीचं काम पुण्यातून करतो. त्यातली निम्मी भटकंती ताम्हिणी उतरून कोकणात होते, आणि हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिलाय की या अटीवर जरा विस्ताराने लिहावंसं वाटतं.

समुद्राचं पाणी काँक्रीटला ‘खातं’ असं आपण म्हणतो. घराच्या बाबतीत ते काँक्रीटला फारसं खात नाही, आतल्या सळईला खातं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड साधारण १९ ग्रॅम, सल्फेट पावणेतीन ग्रॅमच्या आसपास आणि मॅग्नेशियम सव्वा ग्रॅमच्या पुढे-मागे. काँक्रीट हे अल्कधर्मी असतं, त्यामुळे सळईवर एक अतिशय पातळ, घट्ट ऑक्साइडचा थर बसतो आणि सळई गंजत नाही. क्लोराइड तिथपर्यंत पोचला की हा थर ठिकठिकाणी फुटतो. मग ओल आणि प्राणवायू मिळाला की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, आणि ती जागा तो काँक्रीट फोडून घेतो.

म्हणूनच सतत पाण्याखाली बुडालेला धक्क्याचा पाय तुलनेने बरा राहतो, कारण तिथे प्राणवायू कमी पोचतो. सगळ्यात वाईट हाल भरती-ओहोटीच्या आणि लाटांचे तुषार उडतात त्या पट्ट्यात होतात. ओलं होणं, सुकणं, परत ओलं होणं, आणि दर फेऱ्यात मीठ मागे राहणं. तुमच्या वाडीत लाट येत नाही, पण जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा मीठ घेऊन येतो. तो थर ऑक्टोबरच्या उन्हात भिंतीवर सुकतो, पुढच्या पावसात विरघळून आत शिरतो.

मागच्या वर्षी त्याच पट्ट्यातल्या एका बंगल्याची पाहणी केली. जेमतेम बारा वर्षांचं घर. समुद्राकडच्या गॅलरीच्या छज्ज्याखाली उभा राहून हातोडीने टकटक केलं तर एका टोकाला ठणठणीत आवाज आणि पुढे हातभर गेल्यावर बद्द, पोकळ. तिथे छिन्नी लावली तसा तळहाताएवढा पापुद्रा सुटून हातात आला. आतल्या बाजूला सळईची खूण उमटलेली, तपकिरी. पट्टी लावून मोजलं, सळईखाली काँक्रीटची जाडी १० मिमी. आणि त्या पापुद्र्यात सळईच्या खुणेजवळ खडीचा एक चपटा तुकडा रुतलेला. कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून उचलून धरणारा ठोकळा, म्हणून मिस्त्रीने जमिनीवरची खडीच सरकवली होती. मालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो हाच: ‘सिमेंट राखेचं होतं, म्हणून झालं का हो हे?’ जुन्या पावत्या काढल्या तेव्हा कळलं, सिमेंट ५३ ग्रेडचं ओपीसी होतं.

आता राखेबद्दल. सिमेंट आणि पाणी एकत्र आले की दोन मुख्य गोष्टी तयार होतात. एक म्हणजे ताकद देणारा चिकट पदार्थ, कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. दुसरी म्हणजे चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. घट्ट झालेल्या सिमेंटच्या लगद्यात हा चुना वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत असतो. तो ताकदीत फारशी भर घालत नाही, पाण्यात विरघळतो, आणि खडीच्या कडेकडेने त्याचे स्फटिक जमतात. मीठ आत शिरतं ते बहुतेक याच सैल वाटांनी. औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यातून पकडलेली फ्लाय अ‍ॅश म्हणजे काचेसारख्या सिलिका-अ‍ॅल्युमिनाचे बारीक गोल मणी. एकलहरे, भुसावळ, कोराडी अशा केंद्रांतून ती निघते. हे मणी त्या चुन्याशी हळूहळू जोडले जातात आणि जिथे चुना होता तिथेच पुन्हा चिकट पदार्थ तयार करतात. वाटा बुजतात.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपले जुने गवंडी चुन्यात सुरखी घालत होते, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. आपल्या कितीतरी किल्ल्यांवर चुन्याची घाणी आजही दिसते, दगडी चाक आणि गोल चर. भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी बांधली जाते आणि पाण्यातही टिकणारा चुना मिळतो. रोमन लोकांनी तेच काम नेपल्सजवळच्या पुत्सुओली गावच्या ज्वालामुखीच्या राखेने केलं. त्या गावावरूनच ‘पोझोलाना’ हा शब्द आला, आणि पीपीसीतला पहिला ‘पी’ म्हणजे पोर्टलँड, दुसरा ‘पी’ म्हणजे हाच पोझोलाना. रोमनांची राखेच्या चुन्यातली बंदरं दोन हजार वर्षं समुद्रात उभी आहेत. अर्थात त्यांच्यात लोखंडी सळई नव्हती हे विसरून चालणार नाही. सळई आली तिथून आपली खरी काळजी सुरू झाली.

तेव्हा राख ही भेसळ नाही. आयएस १४८९ या भारतीय मानकाप्रमाणे पीपीसीत १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते. ती कारखान्यात क्लिंकरबरोबर, म्हणजे सिमेंटच्या भाजलेल्या गोळ्यांबरोबर, दळली जाते किंवा मोजून एकजीव केली जाते, आणि नक्की टक्केवारी उत्पादकाच्या चाचणी-दाखल्यावर मिळते. तो दाखला मागून घ्या, दुकानदाराला देता येतो.

स्लॅगची गोष्ट थोडी वेगळी. लोखंडाच्या झोतभट्टीत वर तरंगणारी मळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झटकन थंड केली की तिचे काचेसारखे दाणे होतात. हळू थंड होऊ दिली तर तिचा दगड होतो आणि सिमेंट म्हणून तिचा उपयोग राहत नाही. ही दाणेदार मळी बारीक दळली की तिला स्वतःचाच थोडा सिमेंटी गुण असतो, चुना फक्त तिला जागं करतो. आयएस ४५५ नुसार स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के स्लॅग चालते. खाऱ्या पाण्यासाठी माझा ओढा ५० टक्क्यांच्या वरच्या सिमेंटकडे असतो. छिद्रं बारीक होतात हे एक कारण. दुसरं म्हणजे स्लॅगमधलं अ‍ॅल्युमिना क्लोराइडला धरून बांधून ठेवतं, त्यामुळे मोकळा क्लोराइड सळईपर्यंत कमी पोचतो. नेदरलँड्समध्ये समुद्राच्या कामांना स्लॅग सिमेंट ही रुळलेली गोष्ट आहे. १९८६ मध्ये पुरा झालेला तिथला ईस्टर्न स्केल्टचा वादळी भरती अडवणारा बंधारा स्लॅग सिमेंटच्या काँक्रीटचा आहे आणि २०० वर्षांच्या आयुष्यासाठी आखलेला आहे.

आपला आयएस ४५६ : २००० सुद्धा समुद्राच्या पाण्यातल्या काँक्रीटला स्लॅग किंवा पोझोलाना सिमेंट फायद्याचं असल्याचं स्पष्ट सांगतो. ठेकेदाराशी वाद घालायची वेळ आली तर ते कलम ८.२.८ दाखवा.

मेहुण्यांचं सल्फेट-रोधक सिमेंट मात्र इथे घेऊ नका. त्यांचा तर्क चुकीचा नाही. समुद्रात सल्फेट असतं, सिमेंटमधल्या सी-थ्री-ए नावाच्या घटकाशी त्याची गाठ पडली की एट्रिंजाइट तयार होऊन काँक्रीट फुगतं, म्हणून सी-थ्री-ए कमी असलेलं सिमेंट घ्यायचं. पण समुद्राच्या पाण्यात सल्फेटबरोबर भरमसाट क्लोराइडही असतो, आणि त्याच्या सान्निध्यात ही फुगण्याची क्रिया बरीच मवाळ पडते. उलट जो सी-थ्री-ए आपण काढून टाकला, तोच क्लोराइडला बांधून ठेवणारा होता. म्हणजे छोट्या शत्रूला अडवायला मोठ्या शत्रूसाठी दार उघडं ठेवलं. क्लोराइड आणि सल्फेट दोन्ही असतील तर सल्फेट-रोधक सिमेंटऐवजी ५ ते ८ टक्के सी-थ्री-ए असलेलं ओपीसी किंवा ५० टक्क्यांहून जास्त स्लॅगचं सिमेंट वापरावं, ही आयएस ४५६ चीच दिशा आहे. ते सिमेंट सल्फेट जास्त असलेल्या जमिनीत, जिथे क्लोराइड फारसा नाही, तिथल्या पायासाठी ठेवा.

आता पाण्याची अट. राखेची क्रिया आपोआप होत नाही आणि लवकर होत नाही. आधी सिमेंटने चुना सोडायचा, मग राखेने तो घ्यायचा, आणि या सगळ्याला ओल हवी. २८ दिवसांनी क्यूब, म्हणजे चाचणीचा ठोकळा, फोडला तरी राखेचा बराच भाग अजून तसाच पडून असतो. खरी घट्टपणाची कमाई दोन-तीन महिन्यांत आणि पुढेही होत राहते. ५३ ग्रेडच्या ओपीसीला तीन दिवसांत २७ आणि सात दिवसांत ३७ मेगापास्कल किमान ताकद द्यावी लागते. पीपीसीला तीन दिवसांत १६, सात दिवसांत २२ आणि २८ दिवसांत ३३ पुरते. ठेकेदाराला ओपीसी आवडतं ते याचमुळे. सेंट्रिंग लवकर निघतं, माणसं मोकळी होतात. त्याचं गणित त्याच्या जागी बरोबर आहे, पण ते गणित सेंट्रिंगच्या भाड्याचं झालं, तुमच्या घराच्या आयुष्याचं नव्हे.

आता नुकसान नेमकं कुठे होतं ते पाहा. चौथ्या दिवशी पाणी बंद झालं तर कॉलमचा गाभा आपल्या आतल्या ओलीवर क्रिया चालू ठेवतो. सुकते ती बाहेरची कातडी, वरचे तीन-चार सेंटिमीटर. आणि सळईचं रक्षण करणारं कव्हर म्हणजे नेमकी तीच कातडी. क्यूब पाण्याच्या टाकीत ठेवलेला असतो, तो छान निकाल देतो. कागदावर सगळं उत्तम, आणि कॉलमच्या कातडीतली राख कोरडी पडून राहिलेली. ओपीसी चार दिवसांत आपलं बरंचसं काम उरकतं, म्हणून त्याला दुर्लक्ष जरा जास्त सोसतं. राखेला ते सोसत नाही. शिवाय राखेने चुना वापरून टाकलेला असतो, त्यामुळे सच्छिद्र कातडीतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरला तर त्याला अडवायला चुन्याचा साठाही कमी. या मर्यादा मी लपवणार नाही. त्या माहीत असल्या तरच माणूस पाइप हातात धरतो.

आमच्या भोसरीच्या प्रयोगशाळेत काही वर्षांपूर्वी अभियांत्रिकीच्या मुलांना दाखवायला आम्ही चार तऱ्हेची सिलिंडरं केली होती. एक नुसत्या ओपीसीचं, एक स्लॅगचं, आणि दोन राखेची. राखेच्या दोघांचा माल एकाच घाणीतला. त्यातलं एक २८ दिवस पाण्यात, दुसरं तीन दिवसांनी काढून खिडकीच्या कट्ट्यावर. मग चारही मिठाच्या पाण्याच्या टबात ठेवली. वर्षभराने काढून उभी चिरली आणि ताज्या फोडीवर सिल्व्हर नायट्रेट फवारलं. क्लोराइड पोचलेला भाग पांढरा पडतो, न पोचलेला उजेडात हळूहळू तपकिरी होतो. स्लॅगच्या फोडीला कडेने नखाएवढी पांढरी किनार. नीट भिजवलेल्या राखेची किनार त्याहून थोडी रुंद. ओपीसीत पांढरा पट्टा चांगलाच आत. आणि कट्ट्यावर सुकलेलं राखेचं सिलिंडर? ते ओपीसीपेक्षाही जास्त पांढरं. एकाच पाटीतला माल, एकाच हाताने भरलेला. त्या दोन फोडी शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा मुलं गप्प झाली. मी आजही कुणी ‘राख टिकत नाही’ म्हणालं की त्या दोन फोडी आठवतो.

म्हणून तुमच्या घराला किमान १४ दिवस पाणी. आयएस ४५६ मिश्र सिमेंटला किमान १० दिवस सांगतो आणि कोरड्या-गरम हवेत १४ पर्यंत न्यायची शिफारस करतो. ओपीसीला हेच आकडे ७ आणि १० आहेत. कॉलमना मी २१ दिवस सांगेन. कॉलमवर पाइप मारून उपयोग नाही, दहा मिनिटांत ओघळून जातं. गोणपाट गुंडाळा, सुतळीने बांधा, त्यावर प्लास्टिकचा कागद लपेटा, आणि गोणपाट दिवसातून तीन-चार वेळा भिजवा. स्लॅबवर वाळू-मातीची किंवा सिमेंटच्या पातळ मालाची आळी करून पाणी तुंबवा. हे काम करायला एक माणूस फक्त त्यासाठी ठेवा, मजुरी तुम्ही स्वतः द्या आणि त्याचा हिशोब ठेकेदाराकडे देऊ नका. तुम्ही पुण्यात, काम दिवेआगरला. रोज सकाळ-संध्याकाळ ओल्या गोणपाटाचा फोटो मोबाइलवर मागवायला लाजू नका. सेंट्रिंग काढायचे दिवसही वाढवा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ओपीसीला सात दिवसांनी निघतात, पीपीसी किंवा स्लॅगला मी दहा-बारा दिवसांआधी हात लावू देत नाही. नक्की आकडा तुमच्या डिझायनरकडून लिहून घ्या.

सिमेंट कोणतंही घेतलं तरी कव्हरची जागा ते भरून काढत नाही. मीठ किती आत सरकतं ते वेळेच्या वर्गमुळाच्या हिशोबाने ठरतं. साध्या भाषेत, कव्हर दुप्पट केलं तर मिठाला सळईपर्यंत यायला चौपट काळ लागतो. २५ मिमी पार करायला त्याला ८ वर्षं लागत असतील तर ५० मिमीला ३२ वर्षं. इतका स्वस्त विमा दुसरा नाही. किनाऱ्याजवळच्या उघड्या काँक्रीटला आयएस ४५६ ‘सीव्हिअर’ म्हणतो. त्याला कव्हर ४५ मिमी, काँक्रीट किमान एम ३० (म्हणजे २८ दिवसांत ३० मेगापास्कल ताकदीचं), सिमेंट घनमीटरला किमान ३२० किलो आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५. तुषार थेट अंगावर येत असतील तर ५० मिमी आणि एम ३५. पण एक गोष्ट कळकळीने सांगतो: साइटवर स्वतःच्या मनाने सळ्या वर उचलून कव्हर वाढवू नका. सळई वर सरकली की स्लॅबची कामाची खोली कमी होते आणि ताकद घटते. डिझायनरला सांगून जाडीच तशी धरायला लावा. कव्हर ब्लॉक काँक्रीटचे, त्याच प्रतीचे, चौरस मीटरला चार-पाच. स्लॅबच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन मोजपट्टी घेऊन फिरा.

एम ३० म्हटल्यावर १ : १॥ : ३ चा हिशोब संपला. ते पाट्या मोजून केलेलं मिश्रण एम २० पर्यंतच चालतं. तुम्हाला प्रयोगशाळेतून मिक्स डिझाइन करून घ्यावं लागेल, त्यात प्लास्टिसायझर, म्हणजे कमी पाण्यात माल पातळ ठेवणारं रसायन, लागेलच. ०.४५ म्हणजे ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी, त्यातूनही वाळूतली ओल वजा. मिक्सरवरचा माणूस अंदाजाने ओततो तेव्हा ते सहज ३० लिटरवर जातं, म्हणजे ०.६. ते जादाचं पाणी उडून जातं आणि त्याच्या जागी राहतात वाटा. मग त्या बुजवायला राखेचीही ताकद अपुरी पडते. मिक्सरजवळ मापाची बादली ठेवा, त्यावर रंगाने रेघ मारा.

तयार काँक्रीट मागवणार असाल तर प्लांटला एक प्रश्न नक्की विचारा: मूळ सिमेंट कोणतं? बरेच प्लांट ओपीसी घेऊन त्यात राख किंवा दळलेलं स्लॅग स्वतः मोजून घालतात. ती पद्धत उत्तम, प्रमाण आपल्या हातात राहतं. पण पीपीसी घेऊन त्यात वर आणखी राख घातलेलीही मी पाहिली आहे. आधीच तीस टक्के राख, वर पुन्हा वीस. चुना पुरत नाही, उरलेली राख नुसती भर होऊन बसते. बॅच स्लिप मागा, त्यावर प्रत्येक गोष्टीचं वजन छापलेलं असतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की बाकीच्या कारखान्यांचा टाकाऊ माल चालतो का, कारण तुमच्या ओळखीचे एक साखर कारखान्यात आहेत. बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख चांगली पोझोलाना होऊ शकते, पण बॉयलर कसा जळाला यावर सगळं ठरतं. अर्धवट जळालेला कोळसा जास्त असला की ती पाणी पिते आणि प्लास्टिसायझर खाते. कॉलेजच्या संशोधनात ठीक, तुमच्या कॉलममध्ये नको. जालन्याकडच्या इंडक्शन भट्ट्यांची मळी किंवा पोलादाची मळी म्हणजे झोतभट्टीचं स्लॅग नव्हे. पोलादाच्या मळीत मोकळा चुना राहू शकतो आणि तो पुढे काही महिन्यांनी फुगतो. भोसरी-चाकणच्या फाउंड्र्यांची जळकी वाळू ही वाळूच आहे, तिच्यात सिमेंटचा गुण नाही. नावात ‘राख’ किंवा ‘स्लॅग’ आहे म्हणून घेऊ नका.

वाळू आणि पाणी या दोन गोष्टींवर कोकणात घरं बिघडतात. खाडीची वाळू स्वस्त मिळेल, घेऊ नका. समुद्र बाहेरून यायला तीस वर्षं लागणार असतील तर या वाळूबरोबर तो पहिल्याच दिवशी आत येतो. वाघोली-मोशीकडची काळ्या दगडाची क्रश सँड ट्रकने नेण्याचा खर्च परवडतो, माझ्याकडचे बरेच जण तसंच करतात. सळ्या पावसाळाभर उघड्यावर पडल्या असतील तर तारेच्या ब्रशने घासून, गोड्या पाण्याने धुऊन मगच बांधा. आणि गंज लागू नये म्हणून विकले जाणारे महागडे लेप किंवा खास सळया यांचा विचार कव्हर, मापाचं पाणी आणि क्युरिंग म्हणजे भिजवणं जमल्यावर करा. लेप हाताळताना खरवडला तर तेवढ्याच जागी गंज जोर धरतो.

१९८६ मध्ये पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा मी शाळेत होतो. बांधून जेमतेम पंधरा-सोळा वर्षं झालेली. आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. ती बातमी वडिलांनी मोठ्याने वाचून दाखवली होती, आणि दगडासारखं दिसणारं काँक्रीट आतून कसं संपतं हा प्रश्न तेव्हाच मनात बसला.

तुमच्या झालेल्या जोत्याबद्दल: पाया आणि जोतं ५३ ग्रेडच्या ओपीसीत झालंय म्हणून घाबरू नका, ते फोडायचं काहीच कारण नाही. वरचे कॉलम स्लॅग सिमेंटमध्ये घेतले तरी जोडणीला अडचण येत नाही. जुन्या काँक्रीटचं तोंड खरवडून, सुटी दुधाळी म्हणजे वर आलेला कच्चा पापुद्रा काढून, ओलं करून पुढचा माल ओता. फक्त एकाच कॉलमच्या एका ओतात दोन सिमेंटं मिसळू नका. माणगावात स्लॅग सिमेंट ताज्या तारखेचं मिळत नसेल तर सरळ पीपीसी घ्या. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी चाचणीशिवाय वापरायची नाही, आणि दिवेआगरच्या दमट हवेत गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर, वरून कागद झाकून ठेवा.

मे महिन्याचं जमवाच. २० मेच्या आत स्लॅब पडला तर पहिले १५-१८ दिवस तुमचं पाणी, आणि मग जूनचा पाऊस राखेचं उरलेलं काम फुकट करतो. कोकणातला पावसाळा राखेच्या आणि स्लॅगच्या काँक्रीटला याबाबतीत वरदान आहे, पुण्यात ही सोय एवढी नाही.

आणि विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय मिक्सर सुरू करू नका. सळईच्या काँक्रीटला वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. समुद्राच्या पाण्यात त्याच्या अडतीसपट असतो, म्हणजे विहिरीत समुद्र किती थोडा मिसळला तरी मर्यादा ओलांडते ते बघा. जिभेला मचूळ लागेपर्यंत वाट पाहू नका. एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि पुण्याला येताना घेऊन या. चिठ्ठीवर तारीख आणि विहिरीत पाणी किती खोल आहे ते लिहा. दिवाळीत भरलेली बाटली चालणार नाही. पावसानंतर विहीर गोड असते, एप्रिल संपता संपता तीच खारट होते, आणि तुमचा स्लॅब मेमध्ये आहे.